बाथरूममधला नारळ

कॅनडातल्या रेजिनात नारळ होत नाही. हे भूगोलाला मान्य आहे, हवामानाला मान्य आहे, आमच्या बाबांनाही मान्य होतं. फक्त आईला नव्हतं!

२०१६च्या नवरात्रात आमच्या घटावरच्या नारळाला कोंब फुटला. (इंडियन ग्रोसरीतला नारळ! त्याला स्वतःलाही धक्का बसला असेल.) आईने तो कुंडीत लावला आणि गुहागरला मामाला व्हिडिओ कॉल केला.

"बघ दादा, कोंब!"

"सुमे, तुझ्या हातून कधी अळू रुजलं नाही, आणि नारळ? तोही बर्फात?" मामाने मिशीला पीळ दिला. "मे महिन्यात मी येतोय. परत जायच्या आत त्याला तिसरं पान आलं, तर ही मिशी उतरवीन! नाही आलं, तर सगळ्या भावंडांसमोर कबूल करायचं, तुझ्या हाताला गुण नाही."

हा टोमणा आई परकरात होती तेव्हापासून ऐकत होती. ती "बरं" म्हणाली, पण त्या दिवसापासून ती आधी नारळाला चहा झाला का विचारायची, मग बाबांना.

हिवाळ्यात दोन पानं आली. तेव्हा मी युनिव्हर्सिटीत प्लास्टिकविरोधी मोहीम चालवत होते. पत्रकावर फोटो हवा म्हणून मी नारळाच्या गळ्यात पाटी अडकवली: 'प्लास्टिक जीव घेतं!' फोटो झकास आला. पाटी ओढून काढली आणि मी मोर्चाला पळाले.

मग तिसरं पान आलं ते सुरळीसारखं, आणि अर्ध्यावरच अडकलं. चुरगळलं, वाकडं झालं, कडेने तपकिरी पडलं. आईचा चेहराही तसाच होत चालला.

अन्याय दिसला की मी गप्प बसत नाही. संध्याकाळी फ्रिजवर पत्रक लागलं: 'एका नारळाची गळचेपी: जबाबदार कोण?'

"बाबा, पहिले जबाबदार तुम्ही! बाहेर उणे तीस आणि तुम्ही हीटिंग कमी करता!"

"मी मोजे घालतो. त्यालाही घाल."

"आणि आई, तू रोज तांदळाचं धुवण ओततेस. हा अतिरेक आहे!"

"तू पेजेवरच वाढलीस. तुझं काय खुंटलं?"

"सांगू?" बाबा म्हणाले.

मी तो विषय तिथेच थांबवला आणि मागण्या पुढे रेटल्या. पहिली मागणी, रोपं वाढवायचा जांभळा ग्रो-लाइट. तो खिडकीत रात्रंदिवस पेटू लागला, तसे समोरचे आजोबा दारातला बर्फ शोव्हल करता करता थांबून बघू लागले. एकदा त्यांनी बाबांना डोळा मारला. "काळजी नको, गांजा पुढेमागे कायदेशीर होणारच आहे!" (बाबा सरकारी नोकरीत! त्यांनी सबंध रविवार पडदे शोधण्यात घालवला.)

दुसरी मागणी, दमट हवा. घरात दमट जागा एकच. नारळ बाथरूममध्ये गेला! ब्रश करायचा तर पानं बाजूला सारा, टॉवेल घ्यायचा तर कुंडीला प्रदक्षिणा घाला. "या घरात मी विस्थापित आहे," बाबा म्हणाले. मी त्यांना सहनशीलतेवर पत्रक दिलं.

मे महिन्यात मामा आला. बूटसुद्धा न काढता थेट बाथरूममध्ये गेला आणि बाहेर येऊन म्हणाला, "सुमे, फोन लाव भावंडांना."

"तू अजून गेलेला नाहीस," आई म्हणाली. आवाज कडक होता, पण सोलकढीत मीठ दोनदा पडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाथरूममधून बाबांची हाक आली. "मुक्ता! या नारळाला कमरपट्टा कोणी घातलाय?"

आम्ही सगळे धावलो. बाबा टबाच्या काठावर दाढीचा फेस लावून बसलेले. पानांच्या बुडाशी, करकचून रुतलेला, हिरव्या रंगाचा प्लास्टिकचा टाय, वायरी आवळून बांधतात तसला. त्यात पुठ्ठ्याचा तुकडा अडकलेला. पाटी मी काढली होती. टाय नाही!

कात्री चालेना. आईने धावत जाऊन अडकित्ता आणला. कट्! सुरळी सुटल्यासारखी थरथरली. आई कुंडीला टेकून खाली बसली आणि कितीतरी महिन्यांनी मोकळी हसली. "गुण होता गं माझ्या हाताला! फास तुझा होता."

मामाच्या परतीच्या आदल्या दिवशी तिसरं पान उघडलं. जरा फाटकं, पण पान! मामाने बाबांचा रेझर मुकाट्याने घेतला. मिशीशिवाय तो इतका आईसारखा दिसायला लागला, की बाबा त्याच्याशीही जपून बोलू लागले.

फ्रिजवरचं पत्रक बाबांनी उतरवलं नाही. 'जबाबदार कोण?' खाली त्यांनी उत्तर म्हणून माझा जुना फोटो चिकटवला: नारळ, पाटी आणि पाटीचा टाय अभिमानाने घट्ट आवळणारी मी.

"तुझी सगळी पत्रकं वाचली," ते म्हणाले, "पण पुराव्यासकट आलेलं हे पहिलंच!"