सात नंबरची जर्सी मी धुतली

पक्क्या मार्करची शाई कपड्यावरून कशाने जाते, सांगाल? लिंबाने? नाही जात. सोड्याने? फिकी होते, बस. करोनाच्या वेळचं सॅनिटायझर घरात उरलं असेल ना, त्याने जाते. पार निघते! आता हे मला कसं कळलं, ते काय सांगू तुम्हाला... सांगते, पण हसायचं नाही.

माझं जुन्नरला शिलाईचं छोटं दुकान आहे. शेजारी पारसभाऊंचं कापडाचं दुकान. त्यांचे आजोबा राजस्थानातून आले, पण पारसभाऊ बोलायला लागले की वाटतं, हा माणूस शिवनेरीच्या पायथ्यालाच उगवला असावा. दिवसभर साड्या दाखवतात आणि संध्याकाळी गळ्यात शिट्टी अडकवून मुलींना बास्केटबॉल शिकवतात. त्या मुलींच्या जर्सी मी शिवते. पाच वर्षं झाली. खेळाचे नियम विचाराल, तर चेंडू जाळीत गेला की ओरडायचं, एवढंच मला येतं.

आणि सगळ्यात जास्त ओरडावं लागायचं ते साक्षीमुळे! सात नंबर. मढ गावची उंचच उंच पोरगी. रोज तिकडून एसटीने यायची, खेळायची आणि परत जायची. काय तिचा खेळ! तीन-तीन जणी अंगावर आल्या, तरी कापडातून सुई निघावी तशी आरपार निघायची. वर उडी मारली की खाली यायचं विसरूनच जायची जणू. पण मला तिचं कौतुक वेगळंच. सामना जिंकला की आधी हरलेल्या मुलींना पाणी नेऊन द्यायची. आणि उसवलेली जर्सी तिने माझ्याकडे कधी न धुता आणली नाही. बाकीच्या मुलींच्या जर्सी मी नाक धरून शिवते, हे इथेच सांगून टाकते.

तर या साक्षीला पुण्याच्या एका मोठ्या संघाने बोलावलं. राहणं, शिक्षण, सगळं तिकडेच. म्हणजे आपल्या संघातून ती गेलीच की! बातमी आली त्या संध्याकाळी मी मैदानावर होते. कप्तान दीपाली चेंडू आपटत म्हणाली, "जाती तर जाऊ दे की! तिच्याबिगर आमाला काय खेळता येत न्हाई?"

मला फार लागलं ते. मनात म्हटलं, एवढी गुणी मुलगी, आणि निरोप असा?

दोन महिन्यांनी, निरोपाच्या दिवशी दुपारी पारसभाऊ घाईघाईने एक पिशवी ठेवून गेले. "वहिनी, सातची जर्सी. खांदा उसवलाय, तेवढी शिलाई मारा. संध्याकाळी कार्यक्रमात तुमच्याच हातानं तिला द्यायचीय."

मी जर्सी उघडली आणि खुर्चीतच बसले. पिवळ्याधमक कापडावर काळ्या शाईचा नुसता चिखल! पाठीवर जिराफ काढलेला, खाली 'मढचा जिराफ'. एका बाहीवर 'हरून आलीस तर तोंड दाखवू नको'. दुसरीवर 'आम्हाला फसवून चाललीस, बघून घेऊ'. आणि निर्लज्जपणा बघा, खाली प्रत्येकीने आपलं नावही लिहिलं होतं!

पण छातीवर, नंबराच्या खाली, वेड्यावाकड्या मोठ्या अक्षरांत जे होतं, त्याखाली नाव नव्हतं. एकच शब्द. 'जा'.

आता तुम्हीच सांगा, निघालेल्या माणसाला आपल्याकडे कोणी 'जा' म्हणतं का? वाटीभर साखर मागायला आलेली शेजारीणसुद्धा 'येते' म्हणते आणि आपण 'या' म्हणतो. एवढा जळफळाट? माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि पदर खोचून मी मोरीत बसले.

लिंबू झालं, सोडा झाला. शेवटी सॅनिटायझर. जिराफ गेला, बाह्या गेल्या. 'जा' मात्र जाता जाईना! त्याला मी जास्त जोर लावला. मग खांदा शिवला, इस्त्री केली. जर्सी अशी दिसत होती, जशी आजच कापली असावी.

एवढ्यावर थांबले असते तर? पण नाही. संध्याकाळी हॉल भरलेला. मी जन्मात कधी माइक धरला नव्हता, तो मागून घेतला.

"मुलींनो," मी म्हटलं, "सुईला टोक असतं ते शिवायला. टोचायला नव्हे! तुम्ही जे काळं केलंत, ते मी साफ केलंय." आणि जर्सी उंच धरली.

टाळ्या वाजतील असं वाटलं होतं. पंख्याचा आवाज ऐकू आला.

पारसभाऊंनी डोक्याला हात लावला. दीपाली तर रडायलाच लागली. "काकू! अवो काकू, त्या जिराफाला आमी तीन दिवस लावलं व्हतं!"

"वहिनी," पारसभाऊ हळूच म्हणाले, "खेळाडू संघ सोडतो ना, तेव्हा सगळे त्याच्या जर्सीवर लिहितात. चेष्टा करतात, सह्या करतात. आठवण असते ती."

तरी हट्ट बघा माझा! "आणि ते 'जा'? ते कुठल्या मेलीनं लिहिलं?"

पुढच्या रांगेतून पांढऱ्या टोपीचे एक गृहस्थ उठले. साक्षीचे वडील, आबा.

"ती मेली म्या," ते म्हणाले. "म्या लिव्हलं."

मग मला कळलं. एकट्या पोरीला पुण्याला धाडायचं नाही, म्हणून आबा दोन महिने अडून बसले होते. शेवटी मुली मढला गेल्या आणि जर्सी, पेन त्यांच्यापुढे ठेवून बसून राहिल्या. तासाभराने आबांनी तो एक शब्द लिहिला. तोंडाने ते अजून 'हो' म्हणालेच नव्हते. तेवढीच त्यांची परवानगी, आणि ती मी घासून घासून मोरीत घालवली होती!

साक्षी त्या कोऱ्या जर्सीकडे बघत म्हणाली, "आबा, आता?"

आबांनी टोपी सारखी केली आणि ते बाहेर निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी, पुण्याची गाडी लागायच्या आधी, सगळ्या स्टँडवर जमल्या. लिहायला टेबल नव्हतं, तेव्हा शिक्षा म्हणून मीच टेबल झाले. बाकावर बसून मांडीवर जर्सी पसरली. जिराफ परत आला, आता त्याच्या तोंडात सॅनिटायझरची बाटली होती. आबा सगळ्यांत शेवटी आले. मी मान खाली घातली.

"ताई, लई जोर हाय तुमच्या हाताला," ते म्हणाले. "मला लिवायला दोन महिनं लागलं, तुमी अर्ध्या तासात पुसलं." पेन घेऊन ते वाकले आणि सावकाश लिहिलं, 'जाऊन ये'.

साक्षी जर्सी घालूनच गाडीत चढली. गाडी गेल्यावर मी उठले, तर शाई खाली झिरपून माझ्या नव्या साडीवर अर्धा जिराफ आणि 'जाऊन ये' उमटलं होतं. मी घरी आले, साडी न धुता घडी करून कपाटात ठेवली आणि उरलेलं सॅनिटायझर मोरीत ओतून दिलं.