डॅशबोर्डमागच्या चार वायरी

आमच्या दारातली पांढरी अँबॅसॅडर आबांची. आबा, म्हणजे माझे वडील, धुळ्याकडून उधन्याला आले ते मिलमध्ये कामाला, पण मन रमलं ते पर्वत पाटियाच्या एका साडीवाल्या शेठकडे ड्रायव्हर म्हणून. शेठने नवी गाडी घेतली तेव्हा जुनी आबांनी विकत घेतली. गल्लीतल्या किती नवऱ्या मुली त्या गाडीतून सासरी गेल्या, किती बायका बाळंतपणाला दवाखान्यात पोचल्या, ते आबांना अजून तोंडपाठ आहे. भावाला त्यांनी त्याच गाडीवर शिकवलं. मला कधी स्टिअरिंगला हात लावू दिला नाही. मी पुढे क्लास लावून शिकले आणि लायसनही काढलं.

दोन वर्षांपूर्वी भाजीबाजारात त्यांच्या खिशातून चाव्या पडल्या. दोन्ही चाव्या एकाच कडीत होत्या. दाराचं लॉक कधीचंच बिघडलेलं, त्यामुळे गाडीत बसता यायचं, पण ती सुरू करता येईना. चावीवाल्याने दोनदा प्रयत्न करून हात टेकले. आतले दात झिजलेत म्हणाला. मग मेकॅनिक आला.

"काका, लॉक तोडी नाखीए, बटण बेसाडी दईए," तो गुजरातीत म्हणाला. चावीचं लॉक फोडायचं आणि शेजारी भोक पाडून बटण बसवायचं.

आबा म्हणाले, "डॅशबोर्डला भोक पाडू देणार नाही."

तीन महिने गाडी धूळ खात उभी राहिली. आबा रोज सकाळी ती पुसायचे आणि आत जाऊन बसायचे. एका रविवारी मी चहा देता देता म्हणाले, "आबा, मी बदलते लॉक."

"तू कारखान्यातल्या मशिनी बघतेस. ही गाडी आहे."

"वायरी त्याच असतात."

मी सचिनच्या औद्योगिक वसाहतीत एका कापड कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला आहे. तिथली पॅनलं मी रोज उघडते. कप खाली ठेवत आबा म्हणाले, "ओरखडा पडता कामा नये."

जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात मी चाव्यांसकट नवा इग्निशन स्विच, म्हणजे चावी फिरवायचं लॉक, मागितला, तर दुकानदाराने आधी गाडीचं आरसी बुक मागितलं. "चावी नसलेली गाडी कोणाची, हे बघावं लागतं, बहेन." मला त्याचं पटलं. वडिलांचं नाव दाखवलं आणि स्विच घेऊन आले.

पहिल्यांदा बॅटरीची वायर काढली. मग पाठीवर झोपून डॅशबोर्डखाली शिरले. स्विचला मागून चार वायरी होत्या, पण वर्षानुवर्षांच्या धुळीने चारही एकाच मातकट रंगाच्या झालेल्या. माय घरी साड्यांना फॉल लावते. तिने आपल्या डब्यातून लाल, हिरवा, पिवळा आणि निळा दोरा काढून दिला. मी एकेका वायरीला एकेक दोरा बांधला, कुठली कुठे होती ते कागदावर मांडलं आणि मगच वायरी सोडवल्या.

समोरून स्विचला धरून ठेवणारा गोल नट मात्र हलेना. तेलाचे दोन थेंब सोडून मी अर्धा तास थांबले. मग त्यावर मायच्या जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळून पकडीने हळूहळू फिरवला. बाहेर खुर्चीवर बसलेले आबा प्रत्येक आवाजाला पुढे वाकत होते. नट सुटला आणि स्विच मागे माझ्या हातात आला. डॅशबोर्डवर एक रेघ उठली नव्हती.

नवा बसवला, वायरी जोडल्या, बॅटरी लावली. चावी फिरवली, तर इंजिन नुसतं गरगरलं, पेटलं नाही.

"मी म्हटलं होतं," आबा म्हणाले, पण हळू.

घाम पुसून मी पुन्हा खाली शिरले. नव्या स्विचची मांडणी जुन्यासारखी नव्हती, आणि मी जुन्या कागदावर विसंबले होते. बॅटरी परत सोडवून मीटरने एकेक टोक तपासलं. इंजिनला ठिणगी देणारी वायर मी हॉर्न-वायपरच्या टोकाला लावली होती. हिरव्या आणि पिवळ्या दोऱ्याच्या वायरींची अदलाबदल केली आणि बॅटरी पुन्हा जोडली.

या वेळी गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. खिडकीला हात टेकून आबा नुसते इंजिन ऐकत राहिले. मी उतरून चावी त्यांच्यापुढे धरली. ते वळसा घालून गेले आणि डावीकडच्या सीटवर बसले.

"चालव," म्हणाले.

पर्वत पाटियापर्यंत त्यांनी मला एकदाच टोकलं, गिअर बदलताना. शेठच्या दुकानासमोर गाडी थांबवायला लावली. तिथले म्हातारे मुनीम बाहेर आले आणि विचारू लागले, चावी मिळाली का. घराबाहेर सहसा अहिराणी न बोलणारे आबा त्यांना म्हणाले, "मन्ही आंडेरनी करं." माझ्या मुलीने केलं. मुनीमजींना कळलं नाही, तेव्हा आबांनी तेच हिंदीत सांगितलं, मग गुजरातीत. माझे कान गरम झाले. मी समोरच्या रस्त्याकडे बघत राहिले, पण हसू आवरत नव्हतं.

पुढच्या आठवड्यात शेजारच्या काकू स्कूटरचं अडलेलं लॉक दाखवायला आल्या. मी आतून काही बोलायच्या आत आबांनी त्यांना सांगून टाकलं, "रविवारी आणा, तिला सुट्टी असते."