चष्म्याच्या तक्त्यावरचे जुने शब्द

त्या दुकानात चष्म्याचा नंबर काढायला येणारी निम्मी माणसं तक्ता वाचायचीच नाहीत. सगळा अंदाजपंचे कारभार. तक्त्यावरच्या ‘फादर’मधली दोन अक्षरं दिसली की उरलेली आपोआप तोंडात. दुकान चालवणाऱ्या बाईंना हे चांगलं ठाऊक होतं, आणि यात सगळ्यात तरबेज होते त्यांचे सासरे.

अप्पा म्हणजे इंग्रजीचे निवृत्त मास्तर. सासूबाई गेल्यापासून त्यांनी पुस्तकाला हात लावला नव्हता. विचारलं की म्हणायचे, “डोळे ठणठणीत आहेत. मन लागत नाही, एवढंच.”

बाईंना मात्र मोतीबिंदूचा संशय होता. अप्पा जिन्याची पायरी पायाने चाचपायचे, चहा गाळताना कपाबाहेर ओतायचे. पण तपासायला बसवलं की तक्ता घडाघडा म्हणून मोकळे. दुकानात रोजची उठबस, सगळा पाठ झालेला.

शेवटी बाईंनी अप्पांच्याच कपाटातला जाडजूड इंग्रजी शब्दकोश काढला. ज्यांच्यापुढे ‘आता वापरात नाही’ अशी खूण होती ते शब्द वेचले आणि नवा तक्ता छापून घेतला. जो शब्द ओळखीचाच नाही तो अंदाजाने कसा वाचणार?

दुपारी गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा त्यांनी अप्पांना खुर्चीत बसवलं.

“टुमॉरो,” अप्पा पहिल्याच शब्दाला म्हणाले.

“नीट बघा, अप्पा.”

“बघायचंय काय त्यात? शेवटी मॉरो आहे ना?”

“सुरुवातीला काय आहे?”

अप्पा पुढे वाकले, डोळे बारीक केले. “ओव्हर... ओव्हरमॉरो!” आणि कितीतरी दिवसांनी त्यांचा वर्गातला आवाज लागला. “मॉरो म्हणजे मुळात सकाळ. मग त्याचा अर्थ झाला उद्या. त्या उद्याच्या पलीकडचा तो ओव्हरमॉरो. म्हणजे आपला परवा. इंग्रजांनी एवढा सोयीचा शब्द टाकून दिला बघ. आता बसलेत तीन-तीन शब्द खर्च करत, ‘डे आफ्टर टुमॉरो’.”

“आणि आपला परवा पुढेही जातो, मागेही,” बाई हसून म्हणाल्या. “बरं, पुढचा?”

“क्रोक. बेडूक करतो ते.”

“सी नाहीये, जी आहे.”

“ग्रोक? असा शब्दच नाही.”

“तुमच्याच शब्दकोशातला आहे.”

अप्पांनी शब्दकोश मागून घेतला. पान नाकापाशी नेलं, मग खिडकीपाशी नेलं. बराच वेळ तसेच उभे राहिले. मग पुस्तक सुनेपुढे धरलं. “तूच वाच.”

बाईंनी वाचलं. कुणी जेवत असताना, आपल्यालाही घासभर मिळेल या आशेने त्याच्याकडे गुपचूप बघत राहणं. शब्द स्कॉटलंडकडचा, पण मूळ नक्की सांगता येत नाही.

अप्पांना हसू आवरेना. “मधल्या सुट्टीत माझ्या वर्गातली अर्धी पोरं हेच करायची. जन्मभर इंग्रजी शिकवलं, आणि याला शब्द आहे हे कळलं आज.” मग म्हणाले, “अजून किती असतील गं असे?”

“कपाटभर आहेत. पण वाचायचे तर डोळे हवेत.”

अप्पांनी मान डोलावली. “डॉक्टरांची वेळ घे.”

“कधीची?”

“ओव्हरमॉरोची मिळाली तर बघ.”

वेळ काही इतक्या लवकर मिळाली नाही, पण ऑपरेशन बिनबोभाट पार पडलं. डोळ्यावरची पट्टी निघाली तेव्हा बाई समोरच होत्या.

“सूनबाई, तुझे केस कधी पिकले?”

“तुम्ही बघत नव्हता तेव्हा.”

अप्पा तिचा हात धरून बसले.

हल्ली ते दुकानात तक्त्याशेजारीच खुर्ची टाकून बसतात. गिऱ्हाइकं नंबर काढून झाल्यावरही अर्थ ऐकत रेंगाळतात. समोरची शिंपीण तर हातातलं काम टाकून येते. बाई कुरकुरतात, पण लटक्याच.

काल शटर ओढताना अप्पा म्हणाले, “उद्या जरा लवकर उघडू या. शिंपीणबाईंना ‘किर्टल’ सांगायचाय. जुन्या काळच्या झग्याचं नाव. त्याचं मूळ म्हणे ‘आखूड कापलेला’ असं आहे. त्यांच्या धंद्यातलाच शब्द, त्यांना नको कळायला?”