लोहाऱ्याच्या शेडमधला सॅक्सोफोन

"यवतमाळला जॅझच्या कार्यक्रमाला चाललेय," असं सांगितल्यावर बहिणीने माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला. तिला अर्धीच गोष्ट सांगितली होती. मी तिथे फोटो काढायला चालले होते, आणि दोन दिवस कॅमेऱ्याची बॅग भरत होते, पुन्हा रिकामी करत होते.

ब्लॉगचे जुने वाचक विचारतात, तुझ्या फोटोंत देवळं, घाट, रस्ते असतात, माणसं का नसतात? आज सांगून टाकते. चार वर्षांपूर्वी बाबा घरच्या बैठकीत गात होते. मी अगदी समोरून फ्लॅश मारला. ते दचकले, अंतरा विसरले, हसून त्यांनी पेटी मिटली. पुन्हा ते गायलेच नाहीत आणि वर्षभरात गेले. तो फोटो मी कधी उघडला नाही.

मग यवतमाळच्या शबाना नावाच्या वाचक मुलीची मेल आली. तिचे वडील सलीमचाचा यांनी आयुष्यभर लग्नाच्या बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवला, आणि जुन्या कॅसेटी ऐकून जॅझचं वेड लावून घेतलं. गेल्या वर्षी त्यांच्या चेहऱ्याची डावी बाजू लकव्याने लुळी पडली. त्यानंतर आता प्रथमच ते चार लोकांसमोर वाजवणार होते. "या वेळी जमलं नाही तर बाजा कायमचा ठेवून देईन म्हणतात. फोटो तुम्हीच काढा," असं तिने लिहिलं होतं. नाही म्हणायला तीनदा फोन हातात घेतला. तिन्ही वेळा ठेवला.

रविवारी सकाळी नागपूरहून एसटी पकडली. वर्धा, देवळी, कळंब करत साडेतीन-चार तास लागतात. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे बसायला जागा मिळणं नशिबाचा भाग. दोन्ही बाजूंना कपाशी होती म्हणे, मी कॅमेऱ्याची बॅग मांडीवर घट्ट धरून समोरच्या सीटकडे बघत होते. यवतमाळच्या स्टँडबाहेर आलुभोंडा आणि तिखटजाळ रस्सा मिळतो. जाणार असाल तर तिथेच खाऊन घ्या, रविवारी लोहाऱ्याच्या कारखान्यांच्या भागात चहासुद्धा मुश्किलीने मिळतो. मी निम्मा भोंडा तसाच टाकला.

दारव्हा रोडने ऑटो करून लोहाऱ्याला पोचले. चाचांच्या भाच्याची इंजिन दुरुस्तीची पत्र्याची शेड, हाच आमचा हॉल. तीसेक प्लास्टिकच्या खुर्च्या आणि ऑइलचा वास.

चाचा स्टुलावर बसून गाल चोळत होते. "बेटा, उजव्या बाजूनं काढजो," ते म्हणाले. "डावी बाजू अजून माहं ऐकत नाई."

"भीती वाटते का, चाचा?"

"वाटून राह्यली ना. पहिल्या वरातीतही एवढी नव्हती. तुले?"

"छे," मी म्हणाले आणि घाबरून, त्यांनी सांगितलेलं विसरून, त्यांच्या डाव्या हाताचा कोपरा पकडला, कुणाला दिसू नये म्हणून.

चार वाजता सुरुवात झाली. चाचा, कीबोर्डवर शबाना, त्यांच्या लग्नाच्या बँडमधले ट्रम्पेटवाले काका आणि ड्रमवर गजूभाऊ. पहिल्या दोन रचनांत चाचांच्या ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून हवा निसटत होती, फुस्स ऐकू येत होतं. माझा कॅमेरा मांडीवरच होता. शबानाने दोनदा मान हलवून खुणावलं. तिसरी, संथ रचना सुरू झाल्यावर मी एकदाचा तो उचलला.

गजूभाऊंनी मला पाहिलं आणि काड्या हवेत धरून ते थांबले. ट्रम्पेटवाले काका ट्रम्पेट ओठाला लावून, गाल फुगवून, न फुंकता ताठ उभे राहिले. गोंधळून शबानाचेही हात थांबले. शेडमध्ये फक्त चाचांचा फुसफुसणारा सूर उरला.  पुन्हा तेच, पुन्हा मीच.

पण चाचांना हे दिसलंच नव्हतं. उजवा डोळा मिटलेला, डावा अर्धवट उघडा. जॅझमध्ये एकट्याला वाजवायला देतात तशी सगळ्यांनी जागा मोकळी करून दिली आहे, असंच त्यांना वाटलं असावं. त्यांनी बाजा ओठांच्या उजव्या कोपऱ्याकडे सरकवला आणि एकटेच वाजवत राहिले. फुस्स बंद झालं. सूर थरथरला, पण तुटला नाही. मी बटण दाबलं. त्या एकट्या सुरात तो खटाक आवाज केवढा मोठा वाटला!

नंतर टाळ्या थांबेनात. गजूभाऊ मात्र ओशाळले होते. "लग्नात फोटोवाल्यानं कॅमेरा उचलला का वाजवनं थांबवाचं, फोटो हालत नाई मंग. सवय हाय न जी!"

परतीच्या बसमध्ये नवीच धास्ती बसली. मी चाचांच्या डाव्या हाताच्या कोपऱ्यात होते. फोटोत चाचांची नेमकी तीच बाजू आली होती. ओघळलेला गाल, अर्धा उघडा डोळा. दोन दिवस तो पाठवायची हिंमत झाली नाही. तिसऱ्या दिवशी पाठवला. दहा मिनिटांत चाचांचा फोन.

"बेटा, तोंड वाकडं दिसून राह्यलं."

"हो चाचा. माफ करा, मी..."

त्यांनी मला मध्येच थांबवलं. मग म्हणाले, "माफी कायले? याच तोंडानं वाजवलं ना मी. मोठा करून पाठवजो. शेडमध्ये लावतो."

फोन ठेवल्यावर खूप रडले. मग कपाटातून कॅमेऱ्याचं जुनं मेमरी कार्ड काढलं आणि चार वर्षांत पहिल्यांदा तो फोटो उघडला. इतकी वर्षं मला वाटत होतं, त्यात बाबांचा दचकलेला चेहरा असेल. पण दचकणं फ्लॅशनंतरचं होतं. फोटोत बाबा गात आहेत.