मला हवा होता एक रागावलेला माणूस

आधी चहा संपवा, नाही तर ठसका लागेल. कारण माझा पोपट झाला तो भर चर्चमध्ये!

त्या रविवारी पाळकसाहेबांचा संदेश होता : समोरचा कितीही तापला, तरी आपण प्रेमानं, मऊ बोलायचं. "पुढच्या रविवारी यावर कोण साक्ष देईल?" माझा हात सगळ्यांच्या आधी वर! आठवडाभरात कुणीतरी माझ्यावर रागवायचं, मी मऊ उत्तर द्यायचं, आणि ते उभं राहून मंडळीला सांगायचं. आहे काय त्यात?

पण आमच्या सेलूत कुणी रागवायलाच तयार नाही हो! माझ्या दुकानात एका गिऱ्हाईकाला मुद्दाम ताटकळत ठेवलं, तर तो म्हणतो, "काई घाई नाई भाऊ, आरामात द्या." आता अशा माणसाचं काय करायचं?

घरी तर आशाच नव्हती. चहा थंड झाला म्हणून मी ओरडलो, तर आमची रूथ म्हणाली, "आणा, गरम करून देते." चप्पल सापडेना म्हणून घर डोक्यावर घेतलं, तर तिनं ती पलंगाखालून काढून पुढ्यात ठेवली. अशा बायकोच्या जिवावर साक्ष कशी द्यायची, सांगा!

शेवटी शनिवारी प्रभूनं ऐकलं. आमची टाकी वाहिली आणि शेजारच्या देवरावच्या गच्चीवर वाळत घातलेल्या मुगवड्यांचा लगदा झाला. देवराव माझा लहानपणापासूनचा दोस्त. लालबुंद होऊन दारात!

"काऊन बे, मोटार बंद करता येत नाई तुले?"

काय आनंद झाला मला! मी हात जोडले. "देवराव, आपला राग अगदी योग्य आहे. आपण बसावं."

"आपण? अन् हासून काऊन राह्यला?"

"कारण माझं आपल्यावर प्रेम आहे."

देवराव मागे सरकला. "वहिनी! याले बाहेरचं लागलं काय?"

"बंधू, आपण आणखी रागवा, मी ऐकतो."

"नाटक करून राह्यला? माही बायको सकाळपासून उन्हात बसून वड्या घालत होती, अन् तू दात काढून राह्यला!"

त्याचा आवाज खरंच भरून आला होता. साधं 'चुकलं' म्हणायचं, की नाही? पण माझी सटकली. "अबे, मी मऊ बोलून राह्यलो ना! ऐकू येत नाई काय तुले?" अख्ख्या गल्लीला ऐकू गेलं. वर मी दारही आपटलं.

रूथ नव्या वड्यांसाठी मुगाची डाळ भिजत घालून देवरावच्या घरी गेली.

रविवारी पाळकसाहेबांनी साक्ष विचारली. मी बुटाची लेस बांधायला वाकलो. माझ्या बुटाला लेस नाही. तेवढ्यात रूथ उभी राहिली.

"रागावलेला माणूस बाहेर शोधावा लागत नाई," ती म्हणाली. "माह्या तर घरीच आहे."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी दातओठ खात पुटपुटलो, "बस खाली!"

पुटपुटलो कसला, शेवटच्या बाकापर्यंत गेलं ते.

"हो, बसते," रूथ हळूच म्हणाली.

आणि सगळी मंडळी एका सुरात म्हणाली, "आमेन!"