देवळामागं राहिलेलं पाणी

सयाजी गुरवांचं गाव गारगोटीच्या वरच्या अंगाला होतं. आता ते धरणाच्या पोटात आहे. गाव उठलं तेव्हा देवळाच्या चिऱ्यांवर आकडे घातले, ट्रकात चढवले आणि शिरोळकडच्या वसाहतीत, उसाच्या मधोमध, देऊळ तसंच्या तसं उभं केलं. देवही तोच. फक्त, बरं का, तो बोलायचा थांबला.

पूर्वी कौल लावायचे. मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या कळ्या चिकटवून प्रश्न विचारायचा. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. वसाहतीत एकही कळी पडली नाही. तिथंच वाळायची.

"गुरव, देव आणलासा का नुसता धोंडा?" लोक चेष्टा करायचे. सयाजी हसण्यावारी न्यायचे. पण गाभाऱ्यात एकटे असले की पाठीमागं पाण्यात काहीतरी डुबूक झाल्यासारखं वाटायचं. वळून बघावं तर कोरडी फरशी.

नात संयोगिता नोकरीला स्पेनमध्ये, माद्रिदला. एका दुपारी तिनं फोनवर एक देऊळ दाखवलं.

"आज्जा, ह्ये इजिप्तचं. दोन हजार वर्षांचं. तिकडं धरण झालं, म्हणून चिरं जहाजातनं हिकडं आणलं."

"म्हंजी आमचंच भाऊबंद की. देव आला काय संगं?"

"आत कोण न्हाय. रिकामं हाय."

"आन भवतीनं तळं कशाला?"

"नदीकाठचं देऊळ न्हवं ते? करमावं म्हणून असंल."

सयाजी फोनातल्या तळ्याकडं बघत राहिले. आपण चिरे आणले, घंटा आणली. पाणी कुणी आणलं? गाव बुडवणारं पाणी कोण आणेल?

दुसऱ्या दिवशी ते कळशी घेऊन एसटीत बसले. कंडक्टर म्हणाला, "पावणं, शिरोळात पाणी संपलं व्हय?"

"आमच्यात पाणी दारात येतंय की. ह्ये देवाचं औषध हाय."

धरणाचं पाणी आणून त्यांनी मूर्तीभोवती ओतलं. कळ्या लावल्या. इतकी वर्षं जीभ वळली नव्हती ते विचारलं, "देवा, हितं ऱ्हाणार न्हवं?"

डावी कळी टपकन पडली.

दाराशी त्यांची बायको बयाबाई उभी होती. "पडली व्हय ओ?"

"पडली. बोलला गं." सयाजींचा आवाज आनंदानं फाटला होता.

"काय म्हणाला?"

त्यांनी कळी मुठीत झाकली. ओतलेलं पाणी मोरीकडं जायचं सोडून उंबऱ्याकडं निघालं होतं.