बारा चिंचोके, अकरा टिकल्या

ती घटना आजही आठवते, कारण माझ्या सगळ्या नोकरीतला सर्वांत पक्का साक्षीदार मला त्या दिवशी भेटला. ती सव्वापाच वर्षांची होती आणि तिच्या नाकाला शेंबूड होता.

मी तेव्हा कुरखेड्याच्या बाजूला, जंगलाला लागून असलेल्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. एप्रिल महिना, मोहाचा हंगाम. या दिवसांत पहाटेपासून माणसं टोपल्या घेऊन झाडाखाली असतात आणि ठाण्यात तक्रारी कमी येतात. दुपारी दोनच्या सुमारास एका गावच्या पोलीस पाटलाचा फोन आला.

"साहेब, पोट्टे पळवणारी बाई धरली लोकायनं. ग्रामपंचायतीत कोंडली हाय. एक पोट्टी गायब हाय. लवकर या, लोकं आयकून नाई राह्यले."

मुलं पळवणाऱ्या टोळीचा कसलासा व्हिडिओ त्या आठवड्यात मोबाइलवर फिरत होता. असल्या अफवेनं माणूस जिवानिशी जातो, हे मी आधीच्या ठाण्यात पाहिलं होतं. स्टेशन डायरीला नोंद केली, एक महिला शिपाई आणि चार जवान घेतले आणि निघालो.

ग्रामपंचायतीसमोर पन्नास-साठ माणसं होती. काहींच्या हातात काठ्या, दोघांकडे कुऱ्हाडी. अशा वेळी गर्दीशी वाद घालायचा नसतो, आधी दार ताब्यात घ्यायचं. दोन जवान दाराशी उभे केले आणि आत गेलो.

आत तेवीस-चोवीस वर्षांची एक मुलगी भिंतीला टेकून बसली होती. ओठ फुटलेला. जूनमध्ये पहिलीत जाणारी मुलं अंगणवाडीत खरोखर किती येतात, याची पाहणी करायला एका संस्थेनं तिला पाठवलं होतं. ओळखपत्र पाहिलं, तिच्या कार्यालयात फोन करून खात्री केली. पण खरं ओळखपत्र खिशात ठेवून खोटे धंदे करणारेही मी धरलेले आहेत, म्हणून विचारलं, "मुलांच्या हातावर टिकल्या कशाला लावल्यास? गाव म्हणतं, न्यायच्या मुलांवर खूण केली."

"सर, आम्हाले हजेरीपट उतरवून घ्यायचा नसते जी. पोरं मोजायची असतात. ते एका जागी बसत नाईत. दोनदा मोजू नये म्हणून मी प्रत्येकाच्या हातावर एक टिकली लावतो. अकरा लागल्या."

हजेरीपटावर मात्र बारा हजेऱ्या होत्या. बाहेरून हरवलेल्या मुलीचा बाप ओरडला, "मंग बारावी कुठी गेली? इनंच नेली!"

सगळा गुंता इथं होता. हजेरीपट खरा असेल, तर मुलगी सकाळी अंगणवाडीत होती आणि ही पाहुणी आल्यावर नाहीशी झाली. टिकल्या खऱ्या असतील, तर ती अंगणवाडीत आलीच नव्हती आणि सारं गाव सडकेच्या बाजूला उगाच शोधत होतं. अंधार पडायला तीन तास होते, आणि चारच दिवसांपूर्वी नाल्यात वाघाचे ठसे दिसले होते.

अंगणवाडी सेविका पन्नाशीच्या पुढची होती. तिला बाजूला घेतलं.

"बाई, त्या मुलीला आज तुम्ही डोळ्यांनी पाहिलं?"

"डब्यात बारा चिंचोके होते, साहेब."

"मी चिंचोके नाही विचारले."

खोटं बोलणारा माणूस अशा वेळी जास्त बोलतो. ही थांबली, पदरानं तोंड पुसलं आणि खरं सांगू लागली. मदतनीस मोहाला गेलेली. चुलीवरची खिचडी सोडून दाराशी उभं राहता येईना. म्हणून तिनं दाराशी चिंचोक्यांचा ढीग आणि एक रिकामा डबा ठेवला होता. पहिलीत जाणाऱ्या मुलानं आत येताना एक चिंचोका डब्यात टाकायचा. बारा निघाले की बाराही हजर.

मी तो डबा मागवला. अंगणवाडीच्या दारात स्वतः मांडी घातली आणि टिकलीवाल्या अकरा मुलांना म्हटलं, "चला, मला अंगणवाडी दाखवा. रोज येता तसं एकेक जण आत या." मोठ्या माणसाला उलटतपासणी लागते, लहान मुलाला खेळ पुरतो.

अकरा मुलं आत गेली. डबा पालथा केला. चिंचोके बारा निघाले.

गर्दी दारापाशी सरकली. "दोन कुणी टाकले रे?" मी हसत विचारलं. शेंबडी पोरगी पुढं आली, जराही न घाबरता.

"मी. येक माह्या, येक तिचा. रोजच टाकतो."

"आणि ती कुठं जाते?"

"आजीच्या मोहाखाली. आजीले दिसत नाई, मंग फुलं कोन येचंन? तिच्या बापाले सांगू नोका, मारते तो."

मी बापाकडे पाहिलं. त्याची मान खाली गेली. एका मोहाच्या झाडावरून त्याचं आईशी भांडण होतं. वर्षभर बोलणं बंद, आणि मुलीला तिकडं जायची सक्त मनाई. आईबाप मोहावरून परतायच्या आत पोरगी घरी येऊन बसत असे. त्या दिवशी ती आली नव्हती.

ते झाड सडकेच्या नेमकं उलट बाजूला, नाल्यापलीकडे होतं. आम्ही पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. म्हातारीचा पाय मुरगळून सुजला होता, तिला उठता येत नव्हतं. नात शेजारी बसून पळसाच्या पानानं वारा घालत होती. आमच्या टोळक्यात बापाला पाहून ती आजीला चिकटली. बापानं आईला पाठंगुळी घेतलं आणि मुलगी माझ्या जवानाचं बोट धरून चालू लागली. मी तिचे दोन्ही हात पाहिले. टिकली नव्हती. खरं सांगतो, मला रडू फुटायचं बाकी होतं.

गावात आल्यावर सेविकेनं कुणी न सांगता सगळ्यांसमोर हात जोडले. "चूक माही हाय. न पाहता मी हजेरी लावली. या पाहुण्या लेकीचा जीव गेला असता." पाहणीवाल्या मुलीला मारणाऱ्या दोघांवर मी गुन्हा दाखल केला. पोलीस पाटील मध्ये पडला, पण मी ऐकलं नाही.

सेविकेला नावं ठेवायचा मला मात्र अधिकार नव्हता. आमच्या ठाण्यातही सकाळच्या हजेरीला एकाच्या नावाला दुसरा "हजर" म्हणायचा आणि मी कागदावरून मान वर काढत नसे. दुसऱ्या दिवसापासून निवृत्त होईपर्यंत मी हजेरी चेहरे बघून घेतली. नोंद म्हणजे माणूस नव्हे, एवढं मला त्या डब्यानं शिकवलं.

पाहणीवाल्या मुलीला मी रात्री तालुक्याला पोचवलं आणि घरी जा म्हणालो. ती म्हणाली, "मोजणी अर्धी राह्यली, सर." सकाळी आमच्याच गाडीतून ती परत त्या गावात आली. अंगणवाडीच्या दारात म्हातारी पाय लांब करून बसली होती. बापानंच तिला तिथं आणून बसवलं होतं. सेविका यावेळी दाराशी उभी राहून एकेका मुलाला नावानं हाक मारत होती.

कालची हरवलेली पोरगी रांगेत शेवटी होती. तिनं काही न विचारता हात पुढं केला, आणि फुटक्या ओठानं हसत त्या मुलीनं त्यावर बारावी टिकली लावली.